गाडीची सोंड

मोटारगाडीच्या पोटाखाली, धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, अंगठ्याएवढी एक वस्तू घट्ट बसवलेली असते. तिला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. रोज गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नसते. सत्तरी ओलांडेपर्यंत मीही पाहिली नव्हती. मला गाडी चालवता येत नाही, आणि विज्ञानाशी माझा संबंध जुन्या अकरावी मॅट्रिकपुरताच. नंतर बी.ए. केलं आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तरीही आज या वस्तूवर लिहायला बसले आहे, कारण तिच्यामागे जो इतिहास आहे तो मला आमच्या क्रमिक पुस्तकांतल्या काही लढायांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटू लागला आहे.

निमित्त झालं ते असं. २०२४ च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला होते. त्याची गाडी पंधरा वर्षांची. एके दिवशी काट्यांच्या शेजारी इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला. तिथे जुन्या गाड्यांची दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते, आणि हा दिवा लागलेला असला की गाडी सरळ नापास. मुलाने स्टिअरिंगखालच्या खाचेत एक छोटं यंत्र जोडलं. त्यावर पी०१३५ असा आकडा आला. म्हणजे इंजिनाजवळच्या ऑक्सिजन सेन्सरमधला हीटर चालत नाही. फ्यूज आणि वायरी तपासल्या, त्या ठीक होत्या. मग गॅरेजला फोन केला. तिथला खर्चाचा आकडा ऐकून तो म्हणाला, "आई, हे मी घरीच करतो. एवढ्या पैशांत दोन्ही सेन्सर येतील आणि वर पानाही."

आदल्या रात्री त्याने सेन्सरच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी गाडी थंड असताना पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधी गाडीखाली जायचं नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं (बहुधा मीच गाडीखाली जाईन अशी भीती वाटली असावी!). बॅटरीची वायर काढली. सेन्सरचा पाना बावीस मिलिमीटरचा, एका बाजूने चीर दिलेला असतो, म्हणजे सेन्सरची वायर चिरीतून बाहेर राहते. पंधरा वर्षं तापून-थंड होऊन बसलेला तो तुकडा बराच वेळ हटेना. शेवटी कर्कश आवाज करत फिरला. नव्याच्या आट्यांवर न चिकटण्याचा लेप असतो, तो टोकाला लागू द्यायचा नाही. आधी हातानेच आटे फिरवायचे, मग पाना. पुढचा झाल्यावर त्याच वयाचा मागचाही बदलला. तासाभराचं काम, दोन तास लागले.

जुना सेन्सर मी हातात घेतला. टोकाला चिरा पाडलेली पोलादी टोपी आणि तिच्या आत पांढरट चिनीमातीसारखं काहीतरी. "हे करतं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "अगं, धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते सांगतं." "आणि गाडीने स्वतःचाच धूर हुंगावा हे कोणी ठरवलं?" तो हसून म्हणाला, "तुझा विषय आहे हा. इथल्याच लोकांनी ठरवलं."

इतिहासाच्या शिक्षकाला एवढं पुरतं. पुढचे काही आठवडे मी तेच वाचत बसले.

गोष्ट सुरू होते त्याच कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसला. २६ जुलै १९४३ या दिवशी शहरावर असा काही धूसर पडदा उतरला की तीन गल्ल्यांपलीकडचं दिसेना. डोळे चुरचुरू लागले, घसे जळू लागले. दुसरं महायुद्ध चालू होतं. काहींना वाटलं जपान्यांनी विषारी वायू सोडला. मग संशय गेला शहरातल्या कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर. कारखाना काही काळ बंद झाला, धुरकं मात्र येतच राहिलं.

कोडं सोडवलं ते अननसाने! आरी हागेन-स्मित हे मूळ हॉलंडचे शास्त्रज्ञ पॅसाडेनाच्या कॅलटेकमध्ये अननसाच्या वासात कोणकोणती द्रव्यं असतात याचा अभ्यास करत होते. हवेतले सूक्ष्म वास गोठवून वेगळे करण्याची विद्या त्यांच्याकडे होती. तीच त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की मोटारी आणि तेलशुद्धीकरणातून सुटणारी न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळ्यांना झोंबणारी द्रव्यं त्याच खटाटोपात तयार होतात, आणि शहरातल्या रबराला लवकर तडे जातात तेही या ओझोनमुळेच. म्हणजे दोषी जपानी नव्हते की एकटा कारखानाही नव्हता. मोठा दोषी प्रत्येकाच्या दारात उभा होता, आणि तो प्रत्येकाला प्रिय होता.

हे पटायला आणि कायद्यात उतरायला वीस वर्षं गेली. १९७० च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कायद्यावर सही झाली. त्यात मोटार कंपन्यांना सांगितलं होतं की १९७५ पर्यंत धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन नव्वद टक्क्यांनी कमी करा, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत. हे कसं करायचं ते कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. कंपन्यांनी अशक्य म्हणून ओरड केली, मुदतवाढ मागितली, ती मिळालीही. पण कायदा मागे घेतला गेला नाही. मला हा भाग फार विचार करण्याजोगा वाटतो. एरवी आपण म्हणतो की आधी शोध लागतो आणि मग त्याला कायदा घालतात वेसण. इथे कायदा आधी आला आणि शोध त्याच्यामागून धावत आला.

धूर शुद्ध करायचा उपाय म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुराच्या वाटेवर बसवलेलं, आत प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचा अगदी पातळ थर दिलेलं भांडं. पण त्यात एक मोठी अडचण होती. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन निरुपद्रवी करायला त्यांना ऑक्सिजन द्यावा लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं उलट. त्यांच्याकडून ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. एकाच भांड्यात देणंही आणि घेणंही. हा जमाखर्च जुळतो तो फक्त एकाच जागी, जेव्हा एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा इंजिनात जाते. हवा जरा जास्त झाली तर एक काम बिघडतं, जरा कमी झाली तर दुसरं. या अचूक जुळणीला अभियंते ग्रीक अक्षराने 'लॅम्डा बरोबर एक' म्हणतात.

आणि त्या काळचा कार्ब्युरेटर म्हणजे तर अंदाजपंचे दाहोदरसे! उंच घाटात वेगळं, थंडीत वेगळं, जुना झाला की आणखी वेगळं. अंदाजाने मीठ घालणाऱ्या हाताला रोज तीच चव साधता येत नाही. मधूनमधून आमटी चाखून पाहावी लागते. गाडीला हे चाखणारं काहीतरी हवं होतं, आणि तेही शेकडो अंश तापलेल्या धुरात तग धरणारं.

ते जर्मनीत पाऊणशे वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं, पण दिव्यात. गॉटिंगेनच्या वॉल्थर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये विजेचा एक नवा दिवा केला. त्यात तारेऐवजी झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या भाजलेल्या मातीचीच म्हणा ना, छोटी कांडी होती. थंड असताना तिच्यातून वीज जात नसे. आधी तापवावी लागे, मग ती लखलखत असे. नेर्न्स्ट यांनी हक्क विकून भरपूर पैसे मिळवले आणि आपली मोटारींची हौस भागवली. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यांना मिळालं. दिवा मात्र टंगस्टनच्या तारेपुढे टिकला नाही. त्या कांडीतून वीज जाते म्हणजे नेमकं काय जातं, हे कार्ल वाग्नर या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये समजावून सांगितलं. तिच्यातून ऑक्सिजनचेच विद्युतभारित कण सरकत असतात! लॉस एंजेलिसवर धुरकं उतरलं तेच हे वर्ष. दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

माझ्या मुलाच्या गाडीतून निघालेल्या तुकड्यात तीच माती होती. तिला शिवणकामातल्या अंगुस्तानासारखा आकार दिलेला असतो. आतून-बाहेरून प्लॅटिनमचा थर. बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर लागतो, आतल्या पोकळीत बाहेरची मोकळी हवा पोचते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढी वीज तयार होते. तिचं गणित नेर्न्स्ट यांनीच १८८९ मध्ये मांडून ठेवलेलं होतं. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडत असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरत असेल तर ०.१ च्या आसपास. गाडीतला संगणक हे वाचतो आणि पेट्रोल किंचित कमी, किंचित जास्त, पुन्हा कमी असं सतत करत राहतो. माती तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही, म्हणून १९८० नंतरच्या सेन्सरमध्ये हीटर आला. तोच आमच्याकडे जळला होता.

जर्मनीच्या बॉश कंपनीने हा सेन्सर तयार केला आणि १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत तो प्रथम बसवला. त्यांना त्याचा इतका अभिमान होता की गाडीच्या पुढच्या जाळीवर त्याच्या नावाचा बिल्ला लावला, 'लॅम्डा सोंड'. त्यांच्या भाषेत सोंड म्हणजे आत घालून चाचपायची सळई. मला मात्र ते वाचून आपल्या गणपतीची सोंडच आठवली. आत खुपसायची, हुंगायची आणि जे कळलं ते मेंदूला सांगायचं. नाव अगदी चपखल बसलं म्हणायचं!

आता या गोष्टीतला तो भाग, ज्याच्यामुळे मी हे लिहायला घेतलं.

या सेन्सरचा आणि त्या कन्व्हर्टरचा एक शत्रू होता, शिसं. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की इंजिनाची ठकठक थांबते. १९२३ पासून असं पेट्रोल विकायला आलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका प्रकल्पात हे संयुग बनवणारे कामगार भ्रम होऊन मेले, वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, थोडा काळ विक्री थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या रस्त्यांवर शिशाची धूळ पडत राहिली. पण शिसं प्लॅटिनमवर बसलं की कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून १९७४ पासून अमेरिकेत पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल ठेवणं भाग पडलं. माणसांच्या आरोग्यासाठी शिसं घटवण्याचा वेगळा नियमही त्याच सुमारास निघाला, पण तो कोर्टात अडकला. यंत्राला शिसं सोसत नाही हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं. मुलांना सोसत नाही हे मान्य व्हायला वेळ लागला.

ते सिद्ध करणाऱ्यांपैकी एक होते हर्बर्ट नीडलमन. त्यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपल्याकडे पडलेला दात कौलांवर फेकायची पद्धत होती. त्यांनी तो तपासला, कारण हाडांप्रमाणेच दातांतही शिसं साठतं. मग त्याच मुलांच्या वर्गशिक्षकांना प्रश्न विचारले. मूल काम पुरं करतं का? त्याचं लक्ष उडतं का? सांगितलेलं ऐकतं का? कोणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातात शिसं जितकं जास्त, तितक्या शिक्षकांच्या तक्रारी जास्त, आणि ज्यांच्या दातांत ते जास्त होतं त्यांचे बुद्धिमापनातले गुणही कमी.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आमची शाळा नाशिकला मुंबई-आग्रा रस्त्याला लागून होती. मी १९७३ ला रुजू झाले. खिडक्या रस्त्याकडे, कारण उजेड तिकडून यायचा. रिक्षा, स्कूटरी, मोटारी दिवसभर. भारतात बिनशिशाचं पेट्रोल आलं ते १ एप्रिल १९९५ ला, तेही आधी चार महानगरांत. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवरच्या आदेशांचा त्यात मोठा वाटा होता. साऱ्या देशातून शिशाचं पेट्रोल गेलं फेब्रुवारी २००० मध्ये. म्हणजे माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक तुकड्या त्या हवेत शिकल्या. शिक्षकांच्या खोलीत 'याच्या डोक्यात काही शिरतच नाही' हे वाक्य रोज कोणी ना कोणी म्हणायचं. त्यातल्या कोणत्या मुलाचं काय कारण, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. घरची गरिबी, उपास, चष्मा नसणं, अशी कारणं आम्ही शोधत असू. खिडकीतून आत येणारं हे कारण आमच्या यादीतच नव्हतं.

अमेरिकेत १९७६ ते १९८० या चार-पाच वर्षांतच लोकांच्या रक्तातलं शिसं एक तृतीयांशाहून जास्त घटलं. इतका मोठा फायदा इतक्या लवकर झाल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, शिशाच्या पेट्रोलमधून बाहेर पडला २०२१ मध्ये. शंभर वर्षांत एक चक्र पुरं झालं.

गाड्यांत दोन सेन्सर का असतात, हेही मुलाने समजावलं. पहिला इंजिनाजवळ, तो मिश्रण सुधारतो. दुसरा कन्व्हर्टरच्या पलीकडे, तो कन्व्हर्टर काम करतोय का ते पाहतो. अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून ही दुसरी नजर सक्तीची झाली. मला हे लगेच कळलं, कारण बोर्डाच्या पेपरांचं असंच असतं. परीक्षक तपासतो, आणि त्यातले काही पेपर नियामक पुन्हा पाहतो. परीक्षकावर अविश्वास म्हणून नव्हे. थकलेला हात चुकतो म्हणून.

पण तपासणी आली की तिला फसवणंही आलं. मागच्या सेन्सरला धुरापासून जरा दूर ठेवणारी नळी बाजारात मिळते. ती लावली की कन्व्हर्टर मेला तरी सेन्सर सगळं ठीक आहे असंच सांगतो आणि दिवा विझतो. तिथे ते बेकायदा आहे. फसवणूक मोठ्या प्रमाणावरही झाली. २०१५ मध्ये उघड झालं की फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांतला संगणक तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत असे, आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या कित्येक पट सोडत असे. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. तपासणीला साहेब येणार म्हटलं की फळ्यावर सुविचार लिहिणारी आणि मुलांना ठरावीक उत्तरं पाठ करून घेणारी शाळा आमच्या पिढीने पाहिलेली आहे. साहेब गेले की सगळं पूर्ववत! नुकसान साहेबांचं होत नाही, मुलांचं होतं.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं. तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या स्कूटरींतही हा सेन्सर आहे. विजेच्या गाड्यांना तो लागत नाही, कारण त्यांना धूरच नाही. पण पेट्रोलच्या गाड्या अजून बरीच वर्षं आपल्या सोबत राहणार, आणि त्यांच्या सेन्सरांची नाकं आपल्यासारखीच वयानुसार मंद होणार. सेन्सर सहसा एका दिवसात मरत नाही. तो हळूहळू उशिरा सांगू लागतो, चुकीचं सांगू लागतो, पेट्रोल जास्त जळतं, आणि मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली.

माझी भाचरं आणि पुतणे हे वाचतात म्हणून एक सांगते. गाडीत तो पिवळा दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावू नका, नुसता आकडा पुसून मोकळे होऊ नका, आणि पीयूसीचा कागद गाडी न तपासता घेऊ नका. घरी बदलता आला तर बदला, नाहीतर गॅरेजला न्या, पण खरा बदला. तुमच्या गाडीच्या नळीचं तोंड साधारण किती उंचीवर असतं ते एकदा वाकून बघा. दप्तर घेऊन रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या पहिलीतल्या मुलाचं नाक त्याच्या कितीतरी जवळ असतं.

असो. बरंच लांबलं. इतिहासाच्या बाईंना घंटा झालेली ऐकू येत नाही, हे माझे जुने विद्यार्थी सांगतीलच.